नवा जोडलेला पीसी सारखा हँग होतोय? कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

माझं काही दुकान नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी ओळखीपाळखीच्यांचे पीसी जोडून देतो, अडलेले बघतो. त्यामुळे रात्री साडेअकराला फोन येतात, "भावा, परत अडकलाय बघ." प्रश्न तेच असतात आणि उत्तरंही बहुतेक वेळा तीच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. फोन करायच्या आधी हे वाचा. निम्म्या लोकांना फोन करावाच लागणार नाही.

हँग झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे कसं ओळखायचं?

"हँग होतोय" एवढ्यावरून काही कळत नाही. पुढच्या वेळी अडकला की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतोय-विझतोय का बघा.

दिवा लागतोय, माउसही हलतोय, पण काहीच उघडत नाही, असं असेल तर आतली सिस्टीम जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघत बसली आहे. बहुतेक वेळा ती वाट एसएसडीची, म्हणजे विंडोज आणि फायली साठवणाऱ्या डिस्कची असते. दिवा लागत नाही, माउस गोठलाय, गाण्याचा एकच तुकडा "घर्रर्र" करत अडकलाय, तर संशय हार्डवेअरवर. तिथे रॅम (चालू कामापुरती मेमरी), प्रोसेसरचं व्होल्टेज, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरची) सेटिंग या गोष्टी येतात. स्क्रीन काळी झाली पण मित्राचा आवाज हेडफोनमधून येतोच आहे, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा मॉनिटरची केबल. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन परत आली तर चोर सापडला म्हणायचं.

आणि पीसी आपोआप बंद होऊन परत सुरू होत असेल तर तो हँग नव्हे. ते दुखणं वेगळं, बहुतेक विजेचं. निळी स्क्रीन आली तर उलट बरं, कारण तिच्यावर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. फोटो काढून ठेवा.

सगळे पार्ट नवे कोरे, सीलबंद. मग हँग का व्हावा?

कारण नव्या पीसीत पार्ट खराब निघण्यापेक्षा पार्ट नीट न बसलेला जास्त वेळा निघतो. माझ्याकडे आलेल्या नव्या पीसींपैकी बऱ्याच पीसींत एक रुपयाचाही पार्ट बदलावा लागला नाही.

मंगळवार पेठेतल्या एका मुलाने पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला होता. केबली इतक्या नीटनेटक्या बांधलेल्या की मला लाज वाटावी. पीसी चालू होऊन दोन-तीन मिनिटांत मंदावायचा, मग अडकायचा. प्रोसेसरवरचा कूलर काढला तर तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली, त्यावर लाल अक्षरांत "लावण्यापूर्वी काढा" अशी सूचना, आणि त्या सूचनेवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट पसरलेली. फिल्म सोलली, पेस्ट पुसून नवी लावली, काम झालं. पोरगा आठवडाभर रॅम बदलून मिळते का ते विचारत फिरत होता.

सुरुवात कुठून करू?

एक वही घ्या. विनोद नाही, खरंच घ्या. कधी अडकला, तेव्हा काय चालू होतं, चालू करून किती वेळ झाला होता, एवढं लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच संध्याकाळी रॅम हलवली, बायोस अपडेट केला आणि विंडोजही परत टाकलं, तर बरा झाला तरी का झाला ते कळत नाही. पुन्हा बिघडला की पहिल्यापासून सुरुवात.

मग पीसी बंद करा, मागची केबल काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि आतलं एकेक कनेक्शन दाबून बघा. मदरबोर्डची २४ पिनची केबल पूर्ण आत आहे का? प्रोसेसरची ८ पिनची केबल, जी वरच्या डाव्या कोपऱ्यात अडचणीच्या जागी असते, ती खटका बसेपर्यंत गेली आहे का? मदरबोर्डच्या खाली जास्तीचा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचा छोटा खांब, राहिलेला नाही ना? बोर्डाला भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर तो मागून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट होतो. असा पीसी कधी चालतो, कधी चालत नाही, आणि माणसाला वेड लावतो.

रॅमबद्दल सगळे का बोलतात?

कारण नव्या पीसीत सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. इथे जरा थांबून वाचा.

पहिलं, बसवणं. रॅम स्लॉटमध्ये दाबली की "टक्" असा आवाज यायला हवा. हल्ली बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसरी बाजू आत गेली की नाही ते डोळ्याला पटकन दिसत नाही. खटक्याच्या बाजूने बसलेली आणि दुसऱ्या बाजूने केसभर वर राहिलेली रॅम मी कितीदा बघितली आहे. पीसी चालूही होतो, विंडोजही येतं, आणि ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की मान टाकतो. नव्या बोर्डाचे स्लॉट घट्ट असतात, घाबरू नका, दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबा.

दुसरं, जागा. दोन रॅम असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. शेजारी-शेजारी लावून मोकळे होऊ नका.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग. खोक्यावर ६००० असा वेग लिहिलेली डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम बायोसला न विचारता सहसा ४८०० ने चालते. ६००० हवं तर बायोसमध्ये ते प्रोफाइल चालू करावं लागतं. यूट्यूबवर बघून सगळेच करतात, पण हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, हे कोणी सांगत नाही. रॅम त्या वेगाला तयार असली तरी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि बोर्ड तयार असेलच असं नाही. म्हणून हँग होत असेल तर पहिली चाचणी हीच: एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करा आणि दोन दिवस वापरा. थांबलं तर बायोस अपडेट करून परत चालू करून बघा. तरीही अडकला तर हाताने ५६०० ठेवा. रोजच्या वापरात हा फरक तुमच्या डोळ्यांना दिसणार नाही.

चौथं, मिसळ. एक रॅम दुकानातून आणि दुसरी मित्राच्या जुन्या पीसीतली, असं करू नका. मिसळ ताटात चांगली. डीडीआर५ मध्ये चार-चार रॅम लावल्या की तर वेग बराच खाली आणावा लागतो. ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ ची एकाच पॅकमधली जोडी घ्या.

मेमटेस्ट म्हणजे काय आणि किती वेळ चालवायची?

पेनड्राइव्हवरून विंडोजच्या बाहेर चालणारा प्रोग्राम. रॅममध्ये वेगवेगळे आकडे लिहून परत वाचतो. रात्री लावून झोपा, चार फेऱ्या होऊ द्या. सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. "दोनच चुका आल्यात, चालेल का?" असं विचारतात. नाही चालणार. चुका आल्या तर एक्सएमपी बंद करून परत चालवा. तरीही आल्या तर एकेक रॅम वेगळी लावून बघा, म्हणजे रॅम खराब की स्लॉट हे कळेल.

पहिल्यांदा चालू केला, पंखे फिरतायत पण स्क्रीन येत नाही. बंद करू?

डीडीआर५ असेल तर थांबा. पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो, त्यात काही मिनिटं जातात. चहा करून या. लोक तीसाव्या सेकंदाला बटण दाबतात आणि प्रत्येक वेळी ते काम पहिल्यापासून सुरू होतं.

गेम खेळतानाच अडकतो, एरवी ठीक. काय बघू?

दोनच गोष्टी: उष्णता आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, तापमानाचा आलेख चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, इंटेलचे बरेचसे १०० च्या आसपास स्वतःला आवरतात. म्हणून भर गेममध्ये ८० दिसलं तर घाबरू नका. पण काही न करता डेस्कटॉपवरच ७०-८० दिसत असेल तर कूलर सैल आहे, फिल्म राहिली आहे किंवा लिक्विड कूलरच्या पंपाची वायर लागलेली नाही. आणखी एक: निव्वळ तापल्यामुळे पीसी आधी मंद होतो आणि अगदीच सुटलं तर बंद पडतो. ६५ अंशांवर असताना अडकत असेल तर पंख्यावर पंखे लावून काही होणार नाही.

मग एसएमपीएस. बजेट आखताना सगळे ग्राफिक्स कार्डावर पैसे ओततात आणि एसएमपीएस "कॅबिनेटबरोबर आलेला" चालवून घेतात. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट लिहिलेलं असतं. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. पीसीचं खरं काम तिथून चालतं. कितीदा तो गुणाकार तीनशेच्या खालीच थांबतो. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, तेवढ्यावरून एसएमपीएस दणकट आहे असं समजू नका.

कार्डाला ८ पिनच्या दोन जागा असतील तर दोन वेगळ्या केबली लावा. एकाच केबलची दोन शेपटं लावली की सगळा भार एका तारेवर येतो. ८ पिनच्या एका जागेतून १५० वॉट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट हा ठरलेला हिशोब आहे.

उलटं आहे. गेममध्ये मस्त चालतो, नुसता ठेवला की अडकतो.

हे ऐकून लोक हसतात, पण हे खरं दुखणं आहे. काम नसलं की प्रोसेसर झोपेत जातो, व्होल्टेज खाली येतं, आणि काही जुने किंवा हलके एसएमपीएस इतक्या कमी भाराला गडबडतात. विशेषतः सुरुवातीच्या पिढ्यांच्या रायझनवर हे बऱ्याच जणांनी अनुभवलं. बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" नावाची सेटिंग असेल तर ती "टिपिकल करंट आयडल" वर ठेवा. शिवाय विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची "लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट" बंद करा. काही एसएसडी त्या झोपेतून वेळेवर उठत नाहीत.

आमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम आहे. त्यामुळे होत असेल का?

होऊ शकतं, पण सगळंच महावितरणच्या माथी मारू नका. व्होल्टेज एकदम पडलं तर पीसी सहसा रीस्टार्ट होतो, अडकत नाही. उद्यमनगरच्या बाजूला राहणारे सांगतात की शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की ट्यूब मिणमिणते. अशा घरात यूपीएस हवाच. पण हँगच्या बाबतीत मी आधी अर्थिंग बघतो.

जुन्या पेठांतल्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. अशा वेळी एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. करंट अगदी कमी असतो, पण पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. "जरा चुणचुणतं" असं म्हणून लोक सोडून देतात. माणसाने सोडलं तरी यूएसबीला जोडलेली उपकरणं सोडत नाहीत. कीबोर्ड-माउस मधूनच मरतात, हेडफोनमध्ये गुणगुण येते, आणि माणसाला वाटतं पीसी हँग झाला.

वायरमनला बोलावून तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप वीस-तीस आलं तर घराच्या वायरिंगचं काम आधी, पीसीचं नंतर. मीठ-कोळशाचा जुन्या पद्धतीचा अर्थिंगचा खड्डा असेल तर तो एप्रिल-मे मध्ये कोरडा पडतो. आमच्या घरी वडील आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचे. लहानपणी मला वाटायचं तिथे काहीतरी लावलंय.

यूपीएसबद्दल एवढंच: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. त्यावर गेमिंग पीसी, मॉनिटर आणि राउटर लावून गेम सुरू केला की लाइट गेल्या क्षणी तो ओरडून बंद पडणारच. आणि फ्रिज किंवा मिक्सर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर पीसी लावू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

पावसाळ्यात जास्त अडकतो, हा भास आहे का?

भास नसावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि कॅबिनेट नेमकं त्याच भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवलेलं असतं. नव्या पीसीला ओल लगेच मारत नाही, पण आत साठलेली धूळ ओली झाली की त्रास देते. भिंतीपासून वीतभर लांब, टेबलावर ठेवा आणि रोज थोडा वेळ तरी चालू करा. पंचगंगेच्या पुराचं पाणी येणाऱ्या भागात राहत असाल तर जमिनीवर ठेवायचा प्रश्नच नाही. २०१९ आणि २०२१ नंतर हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

रॅमचे पाय खोडरबराने घासायचा जुना उपाय जुन्या रॅमला. नव्या रॅमला खोडरबर लावून कण स्लॉटमध्ये पाडू नका.

एसएसडीचा दोष कसा ओळखायचा?

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग शून्य दिसला, की संशय घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, १२९ क्रमांकाची "रीसेट" नोंद पुन्हा पुन्हा दिसली तर संशय पक्का. थेट बोर्डावर बसणारी एम.२ एसएसडी असेल तर काढून परत बसवा, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून फर्मवेअर (एसएसडीच्या आतला प्रोग्राम) अपडेट करा. केबलने जोडलेली साटा एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सीआरसी चुकांचा (डेटा पोचताना झालेल्या चुकांचा) आकडा बघा. तो वाढत असेल तर खराबी बहुधा केबलमध्ये आहे.

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसलं म्हणून एसएमपीएस बदलायला पळू नका. पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती नोंद सांगते. ते तर तुम्हीच बटण दाबून केलेलं असतं. "व्हिआ-लॉगर १८" दिसलं तर मात्र तो हार्डवेअरचाच ओरडा आहे.

माझा प्रोसेसर इंटेलचा १३व्या पिढीचा आहे. काही ऐकलं होतं...

बरोबर ऐकलंय. १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन ते हळूहळू अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्याच वर्षी ऑगस्टपासून बायोसमधून त्यावरची दुरुस्ती आली आणि खोक्यातून विकलेल्या त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना "व्हिडिओ मेमरी अपुरी" असा निरोप येणं ही त्याची एक खूण. नवा बायोस पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. म्हणून जुना वापरलेला असा प्रोसेसर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

रायझनवाल्यांनी हसू नये. २०२२ मध्ये एएमडीलाही मान्य करावं लागलं की एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे काही पीसी मधूनच सेकंद-दोन सेकंद अडखळतात. उपाय तोच, नवा बायोस.

बायोस अपडेट करताना लाइट गेली तर?

बोर्ड मरू शकतो. म्हणून यूपीएसवर लावून करा, आभाळ गडगडत असताना करू नका. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि फाइल नेमक्या तुमच्याच मॉडेलची. एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळा बोर्ड. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात, एक्सएमपीसुद्धा.

विंडोज परत टाकू का?

सर्वांत शेवटी. आधी बोर्डाच्या वेबसाइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका, तो हमखास राहिलेला असतो. आणि जुन्या पीसीतली डिस्क तशीच काढून नव्या पीसीत लावली असेल, तर मात्र माझं उत्तर उलट आहे: आधी विंडोज नव्याने टाका, मग बोलू.

दुकानदार म्हणतो, "आमच्याकडे तर चालतोय." आता?

तो खोटं बोलत असेल असं नाही. त्याच्याकडे अर्थिंग नीट असतं, आणि तो दहा मिनिटंच चालवतो. म्हणून अडकतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, मेमटेस्टचा फोटो आणि वहीतल्या तारखा घेऊन जा. "हँग होतोय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा "डाव्या रॅमवर रात्री १४ चुका आल्या" म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं.

जीएसटीचं बिल आणि खोकी फेकू नका. मदरबोर्डच्या सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी तर अजिबात नको, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ती लागते, आणि पिन वाकलेल्या असतील तर बोर्ड हमखास परत येतो. तरीही टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल हातात असेल तरच त्याचा उपयोग.

काहीच सापडलं नाही तर शेवटचा उपाय?

सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्याबरोबर आलेल्या चंदेरी पिशवीवर नको, ती वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएसडी, बस. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल तर कार्डही नको. असा तासभर चालला तर एकेक वस्तू जोडत जा. अडकला तर उरलेल्या चार-पाच वस्तूंतच चोर आहे, आणि तेवढ्या मित्राकडून तपासायला मागून आणता येतात.

दुरुस्त झाला, हे कधी मानायचं?

रात्रभराच्या मेमटेस्टमध्ये शून्य चुका, दोन तास गेम, आणि एक पूर्ण दिवस नुसता चालू ठेवून. या तिन्हींतून गेला आणि त्यानंतर आठवडाभर वहीत नवी नोंद झाली नाही, तर झाला. तोवर कॅबिनेटची बाजूची झाकण मी नुसती टेकवून ठेवतो, स्क्रू लावत नाही. स्क्रू आवळले की त्याच रात्री फोन येतो, असा माझा तरी अनुभव आहे.